मुलीला सातवीनंतर आलिमा कोर्सला पाठवायचं का? आत राहून शिकलेल्या कोणी असाल तर प्लीज सांगा

खाडीकाठची

सलाम, नमस्कार सगळ्यांना. इथे तीनचार वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी आता सहावीत आहे, पुण्यात, इंग्लिश मीडियम. सासर रायगडचं, म्हसळ्याच्या बाजूला. नणंदेची मुलगी दोन वर्षांपूर्वी मुलींच्या निवासी मदरशात गेली, आलिमाचा कोर्स, म्हणजे मुलींचं धर्माचं मोठं शिक्षण, तिथेच राहायचं. रमजानच्या सुटीत ती घरी आली ती एकदम वेगळीच पोरगी होऊन, गोड उर्दू बोलते, कुरआनातली यासीन सूरा तोंडपाठ, आजीचे पाय चेपते, मोबाईल मागत नाही. झालं, सासूबाईंनी धरलंय की आपलीलाही सातवी झाली की तिथेच टाकायची. आणि माझी मुलगी, जिला कालपर्यंत पोहायचे क्लास हवे होते, ती आता म्हणते मम्मी मला पण जायचंय. नवरा कुवेतला. त्याला विचारलं तर "तू ठरव", म्हणजे अम्मी म्हणेल ते.

आता माझं सांगते म्हणजे कळेल मी का गोंधळलेय. मी धर्माच्या शिक्षणाच्या विरोधात नाही, मी त्यातच वाढलेय. दापोली तालुक्यातलं खाडीवरचं गाव, आमचा मोहल्ला, मशिदीच्या बाजूच्या पडवीत मकतब, म्हणजे लहान मुलांचा कुरआन वाचायला शिकायचा वर्ग. फजर, म्हणजे पहाटेची नमाज झाली की जायचं, साडेआठला सुटायचं, मग धावत घरी, चहा-भाकरी, आणि उर्दू शाळा. पावसाळ्यात सिपारा (कुरआनच्या तीस भागांतला एक, त्यालाच पारा म्हणतात) प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरायचा आणि छत्री त्याच्यावर, म्हणजे आपण भिजलो तरी चालेल. पहिल्यांदा कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, अलिफ दो जबर अन, दो जेर इन, दो पेश उन, सगळ्यांनी एका सुरात आणि डुलत डुलत. मला घशातून काढायचं "ऐन" हे अक्षर यायचंच नाही. मौलाना बिहारचे, निरगुडीची फांदी बाजूला असायची पण मुलींना सहसा मारायचे नाहीत, नुसतं रेहलवर, म्हणजे कुरआन ठेवायच्या लाकडी स्टँडवर आपटायचे, त्यानेच अर्धा जीव जायचा.

एक गंमत सांगते. आम्ही कोकणी म्हणजे शाफई आणि मौलाना हनफी, सुन्नींच्याच दोन पद्धती, नमाजमधे थोडा फरक. नवीन आले तेव्हा त्यांनी आम्हाला त्यांच्या पद्धतीने नमाज शिकवली, रुकूला (नमाजमधे वाकायला) जाताना हात वर उचलायचे नाहीत, फजरला कुनूतची दुआ नाही. मी घरी येऊन दादीसमोर तशीच पढले तर दादी ओरडली, "गो हात खय गेले तुझे?" दुसऱ्या दिवशी दादी आणि आणखी दोन म्हाताऱ्या मशिदीच्या पायरीशी जाऊन उभ्या, मग जमातीची मिटिंग, मग मौलाना बिचारे आम्हाला शाफई पद्धतीने शिकवू लागले आणि स्वतः हनफी पद्धतीने पढायचे. आम्ही पोरं खिडकीतून बघायचो की आज चुकून हात उचलतात का.

दहाव्या वर्षी माझं कुरआन पूर्ण झालं, आमीन झाली, म्हणजे त्याचा समारंभ, हिरवा ड्रेस, मिठाई सगळ्या मोहल्ल्यात. तीसच्या तीस पारे वाचलेली मुलगी म्हणून काय कौतुक! आणि अर्थ? एका ओळीचा माहीत नव्हता. कोणी सांगितला नाही, मी विचारला नाही, विचारायचा असतो हेच सुचलं नाही. एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मराठी भाषांतर वाचलं, तेही रात्री सगळे झोपल्यावर फोनवर, काहीतरी चोरून वाचतेय असं वाटत होतं, का ते अजून कळलेलं नाही.

शाळेचं अजून वेगळंच. उर्दू मीडियममधे चौरस म्हणजे मुरब्बा, त्रिकोण म्हणजे मुसल्लस, क्षेत्रफळ म्हणजे रकबा. गणितात ८१ होते मला. अकरावी सायन्सला गेले, सर स्क्वेअर म्हणाले, मी शेजारणीला विचारलं स्क्वेअर म्हणजे काय गं. ती हसली. मी डिसेंबरमधे आर्ट्सला आले.

तर प्रश्न असे आहेत. आत नक्की दिवस कसा जातो, मुलगी तिथे खुश असते का नुसती शहाणी होते? मधेच सोडलं तर परत शाळेत येता येतं का? आणि बारा वर्षांची मुलगी "मला जायचंय" म्हणते त्याला किती किंमत द्यायची? आमच्या घरात कोणी यातून गेलेलं नाही, त्यामुळे सगळे नणंदेच्या मुलीकडे बघूनच ठरवतायत.

पेटीवाली

ताई, मी गेलेय. १२ ते १८. शहराचं नाव लिहीत नाही, कोकणातलं नाही एवढंच, आणि मदरशाचं तर नाहीच, कारण तिथल्या आपांवर, म्हणजे बाईंवर, माझा राग नाही, काहींवर आहे पण ते जाऊ दे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. मी पण "मला जायचंय" म्हणाले होते. का माहितीय? मला पेटी हवी होती. आमच्या गल्लीतली एक मुलगी गेली तेव्हा तिला पत्र्याची नवी निळी पेटी आणलेली, वर पांढऱ्या रंगात तिचं नाव, छोटं कुलूप, किल्ली गळ्यात. आम्ही पाच भावंडं, माझ्या मालकीची म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. मला ती किल्ली हवी होती. आईबाबांना वाटलं पोरीला दीनची, धर्माची ओढ लागली, अब्बा रडले आनंदाने, मग मी काय बोलणार. तुमच्या मुलीला विचारून बघा, पण "का जायचंय" असं नका विचारू, पाठ केलेलं उत्तर देईल, विचारा की तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी काय काय करणार. तेव्हा कळेल तिची पेटी कुठली आहे.

दिवस: साडेचारला उठवायचे, थंडीत पाचला. फजर, तिलावत म्हणजे कुरआन वाचन, चहा आणि खारी. आठपासून साडेबारापर्यंत तास, जोहर म्हणजे दुपारची नमाज, जेवण, थोडं झोपणं, परत दोन तास, असर. असर ते मगरीब, म्हणजे संध्याकाळ ते सूर्यास्त, हा आमचा वेळ, गच्चीवर. गच्चीची भिंत आमच्या डोक्याच्या वर, बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त आभाळ, आणि जानेवारीत पतंग. कापलेला पतंग गच्चीत पडला की जी झुंबड व्हायची!! उडवायची परवानगी नव्हती पण गादीखाली जपून ठेवायचो. फोन आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, ऑफिसमधे, आपा समोर बसलेल्या. त्यामुळे "कशी आहेस" ला सगळ्या मुलींचं एकच उत्तर, "अल्हम्दुलिल्लाह ठीक". तुमच्या नणंदेलाही हेच उत्तर मिळत असणार. ती मुलगी खुश नाही असं म्हणत नाहीये मी, फोनवरून कळणार नाही एवढंच.

पहिली तीनचार महिने मी रोज रात्री रडले. मग थांबलं. मग असं झालं की सुटीत घरी आले की रडू यायचं मैत्रिणींसाठी. चाळीसजणींचा एक हॉल, एकीला ताप आला की सगळ्या दुआ पढतायत, एकीच्या घरून लोणचं आलं की ते चाळीस ताटात. तसल्या मैत्रिणी मला परत मिळाल्या नाहीत.

आता शिकणं. तुम्ही म्हणालात ना अर्थ कळला नाही, तो मला तिथे कळला, हे मी मदरशाला कायम देणं लागते. पहिल्या वर्षी उर्दू पक्कं, दुसऱ्यापासून अरबी व्याकरण, सर्फ आणि नह्व. फअला, फअला, फअलू, फअलत... एका क्रियापदाची भूतकाळाची चौदा रूपं, भिंतीकडे तोंड करून घोकायची. भयंकर कंटाळा. आणि मग एक दिवस ईशाच्या, रात्रीच्या नमाजमधे उभी आहे आणि जे सहा वर्षांची असल्यापासून म्हणतेय त्यातलं "नअबुदु" एकदम उघडलं. अरे, हे तर "आम्ही". मी एकटी उभी आहे आणि म्हणतेय आम्ही तुझीच इबादत करतो. वर्तमानकाळाची गरदान, म्हणजे रूपं, तीही अशीच घोकलेली. अंगावर काटा आला होता, आत्ता लिहिताना पण आला.

मुलींचा अभ्यासक्रम म्हणजे दर्से निजामीच, लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीननी १८व्या शतकात बसवलेला, पण आमच्यासाठी छाटून छोटा केलेला. मुलगे सातआठ वर्षं शिकतात ते आम्हाला पाच-सहात, तर्कशास्त्र वगैरे उडवलेलं. का उडवलं विचारलं तर म्हणे तुम्हाला काय करायचंय. हे मला तेव्हा पण खटकलं होतं.

फिकहमधे, म्हणजे धर्माच्या नियमांच्या विषयात मात्र सगळं मोकळं. पाळी, गुसल (शुद्धीची आंघोळ), बाळंतपणानंतरचे दिवस, सगळं आपा फळ्यावर लिहून शिकवायच्या. माझी शाळेतली मैत्रीण सांगायची की सायन्सच्या मॅडमनी तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडला. आमच्याकडे त्याच्यावर परीक्षा!

शेवटची दोन वर्षं बुखारी शरीफ, म्हणजे हदीसचा ग्रंथ. ती शिकवायला मौलाना, म्हणजे पुरुष, म्हणून मधे पडदा. ते भिंतीपलीकडच्या खोलीत, माईकवर, आम्ही इकडे स्पीकरसमोर. दोन वर्षं त्यांनी मला शिकवलं आणि मी त्यांचा चेहरा पाहिला नाही. मी त्यांचा खोकला ओळखायचे. पान उलटायचा आवाज ओळखायचे. प्रश्न असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि चिठ्ठी आधी आपा वाचणार. मी दोन वर्षांत अकरा चिठ्ठ्या दिल्या, पुढे चार गेल्या.

आणि एक किस्सा. वारसाहक्क शिकलो, सूरे निसा, आयत ११ आणि १२, मुलाला दोन हिस्से तर मुलीला एक, बायकोला मुलं असतील तर आठवा. हिशोब मला फार आवडायचा. सुटीत घरी आले, जेवताना मोठ्या अब्बांना विचारलं की आपल्या जमिनीत दोन्ही फुफींचा, आत्यांचा हिस्सा किती, मी काढून देऊ का. सगळे जेवायचे थांबले. नंतर आईने आत नेऊन सांगितलं की फुफींनी केव्हाच हक्कसोड केलीय, परत बोलायचं नाही. म्हणजे सहा वर्षं मला अल्लाचा हुकूम शिकायला पैसे भरले आणि एक हुकूम वाचून दाखवला तर गप्प बस. अर्धा हिस्सा बरोबर का चूक हे नंतर बोलू, ते अर्धं तरी कुठे देतात?

बाहेर आल्यावरचं सांगते, हेच खरं महत्त्वाचं आहे तुमच्यासाठी. माझ्याकडे आलिमाची सनद, आणि शाळेचा दाखला सहावी पास. महाराष्ट्रात युपीसारखं मदरसा बोर्ड नाही, सनदेवर इथे दहावी-बारावी कोणी धरत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले, एकोणीस वर्षांची. गणितात आपटले. दशांश अपूर्णांक, जे पाचवीत येत होतं, ते विसरलेले. दुसऱ्यांदा सुटले. मग बारावी, आता नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए चालू आहे, सकाळी मकतबात शिकवते, महिना पाच हजार. काही सेंट्रल युनिव्हर्सिटी ठरावीक मदरशांच्या सनदा मानतात, अलिगढला ब्रिज कोर्स आहे, हैदराबादला मौलाना आझाद उर्दू युनिव्हर्सिटी आहे. पण कुठल्या मदरशाची मानतात ते आधी बघायचं असतं, आम्ही बघितलं नाही. आणि मुलीला अलिगढला पाठवायला घरचे तयार हवेत, जे गच्चीची भिंत सात फुटांची हवी म्हणणारे असतात.

अजून एक. मदरशाचं वर्ष शव्वालमधे सुरू, शाबानमधे संपतं. चांद्र वर्ष म्हणजे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. "आम्ही दहावीपण करून घेतो" म्हणतात त्यांना विचारा की दोन्ही परीक्षा एकदम आल्या की कुठली सोडता.

कृष्णाकाठ_मुलाणी

पेटीवाली तुझं वाचून गप्पच झाले गं.

माझं एकदम वेगळं. आम्ही सातारकडचे मुलाणी, घरात मराठी, शाळा जिल्हा परिषदेची मराठी. मदरसा गावात नव्हताच, संध्याकाळी मशिदीत "अरबीला" जायचं, आठ-दहा पोरं. आता गोची अशी की कायद्यावरच्या सूचना उर्दूत आणि मला उर्दू ओ का ठो येत नाही, म्हणजे अनोळखी भाषा शिकायला अजून एक अनोळखी भाषा. मग मी डोकं चालवलं, वहीत सगळं देवनागरीत लिहून घेतलं, अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल... आणि घडाघडा पाठ. इमामसाहेबांनी वही बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले बेटा यात चार वेगवेगळे ज आहेत आणि तू सगळ्यांना एकच ज काढलायस, आणि तीन वेगळे स आहेत. मग मी टिंबं दिली, एक टिंब, दोन टिंबं, खाली टिंब, वर चांदणी. माझी स्वतःची लिपी झाली ती. ती वही अजून आहे, माझ्या भाच्याने त्यावरूनच सुरवात केली.

शाळेत सकाळी पसायदान, संध्याकाळी फातिहा, कुरआनातली पहिली सूरा, मला दोन्ही पाठ आणि दोन्हीचा अर्थ सेम टू सेम अर्धवट माहीत. कधी काही वाटलं नाही. वाटायला लागलं आठवी-नववीत, दोन्हीकडून एकदमच. शाळेत इतिहासाच्या तासाला अफजलखान आला की तीन बाकं वळून माझ्याकडे बघायची, आणि मशिदीत नवीन आलेले इमाम म्हणायला लागले की हे गाणं म्हणायचं नाही, ते खायचं नाही. आमच्या आजोबांचा तर यात्रेत मान, बोकडावर सुरी मुलाण्यानेच चालवायची, बिस्मिल्ला म्हणून. इमाम म्हणाले बंद करा. आजोबा म्हणाले, "सात पिढ्या चाललंय, तुम्ही कधीच्या गाडीनं आलात?" माझं लग्न होईपर्यंत हा वाद चालू होता.

तेरावं लागलं तसं माझं मशिदीत जाणं बंद झालं, काही कारण न सांगता. भाऊ जात राहिला. मी बावीसावा पारा करत होते. राहिलेले आठ मी घरी एकटीने केले, चुका काढायला कोणी नाही, त्यामुळे माझे बावीस पारे शुद्ध आणि आठ अशुद्ध आहेत असं आमचा भाऊ चिडवतो.

खाडीकाठची ताई, हे सांगायचं कारण, तुमच्या मुलीला अर्थासकट शिकवायचंच असेल तर घरी येऊन शिकवणाऱ्या आलिमा पुण्यात ढिगाने आहेत, ऑनलाईन पण आहेत. पाठवायलाच पाहिजे असं काही आहे का? तुमच्या सासूबाईंना नक्की काय हवंय?

सदाशिव_पेठ_बाहेरची

चुकीचं विचारलं तर माफ करा, खरंच माहीत नाही म्हणून विचारतेय. मला वाटायचं बहुतेक मुस्लिम मुलं मदरशातच शिकतात. इथे तर शाळा वेगळी, मकतब वेगळं आणि मदरसा वेगळा दिसतोय. आणि सक्तीचं शिक्षण आहे ना चौदा वर्षांपर्यंत, मग सहावीतून मुलगी काढली तर सरकार काही म्हणत नाही का?

बाकी पेटीवालीचं फअला फअला वाचून हसू आलं, माझा मामेभाऊ वेदपाठशाळेत होता, आठव्या वर्षी मुंज करून पाठवला, तोही असाच डुलत डुलत, आणि घरी आला की रामः रामौ रामाः. अरबीतही द्विवचन असतं का? त्यालाही अपूर्णांक येत नाहीत, तो आता पौरोहित्य करतो आणि हिशोब बायको बघते.

पेटीवाली

असतं द्विवचन! ती, त्या दोघी, त्या सगळ्या. चौदा रूपं त्यामुळेच होतात. तुमच्या मामेभावाला माझा सलाम सांगा, दुःख तेच आहे 😄

निवृत्त_बाई

मी रत्नागिरी जिल्ह्यात उर्दू शाळेवर ३१ वर्षं काढली, म्हणून मधे बोलते.

सदाशिव पेठ बाहेरच्या ताई, तुमचा गैरसमज सगळ्यांचाच आहे. मुस्लिमांची परिस्थिती पाहणाऱ्या सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३-४ टक्के मदरशात जातात. बाकीची तुमच्या-आमच्यासारखी शाळेत, आणि शाळेच्या आधी किंवा नंतर तास-दोन तास मकतबात. लोक मकतबालाच मदरसा समजून मोजतात, तिथे घोळ होतो.

कायद्याचं, शिक्षणहक्क २००९ चा. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं की हा कायदा मदरसे, वेदपाठशाळा आणि धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना लागू नाही. म्हणजे तुमचा मामेभाऊ आणि ही पेटीवाली, दोघं एकाच ओळीतून बाहेर. २०१५ साली आपल्या सरकारने जाहीर केलं की गणित, विज्ञान वगैरे न शिकवणाऱ्या मदरशातली मुलं शाळाबाह्य धरणार. केवढा गदारोळ झाला. आम्ही शिक्षक त्या जुलैत शाळाबाह्य मुलं मोजायला घरोघर फिरत होतो, एका घरात बाप म्हणाला, "बाई, माझी पोरगी पहाटे साडेचारला उठून अभ्यास करते आणि तुम्ही तिला शाळाबाह्य लिहिता?" मी लिहिलं. काय करणार, कॉलमच तसा होता. दुसऱ्या बाजूने झाकीर हुसेन योजनेतून मदरशात गणित-इंग्रजीचे शिक्षक पण देतात, डीएड शिक्षकाला महिना ६,००० होते ते २०२४ च्या ऑक्टोबरात १६,००० केले. सहा हजारात कोण टिकत होतं, आज आला, उद्या दुसरीकडे.

पण मला सांगायचंय ते वेगळं. मुली मदरशात का जातात याचं एक कारण कोणी बोलत नाही, ते म्हणजे एसटी. आमची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल ११ किलोमीटर, गाडी सकाळी एक, संध्याकाळी एक, पावसात तीही नाही. बाप गल्फला, आई एकटी, मुलगी वयात आलेली. गाडी चुकली तर पोरगी रस्त्यावर. मदरसा म्हणतो राहायला देतो, जेवायला देतो, फाटकावर म्हातारा बसवलाय, फी परवडेल तेवढी द्या. सरकारी मुलींचं वसतिगृह तेवढ्यात असतं ना, तर मी सांगते, निम्म्या आया तिकडे टाकतील. माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका बॅचच्या नऊ मुलींतल्या चार मदरशात, दोघी घरी आणि तिघी हायस्कूलला गेल्या, आणि त्या तिघींपैकी दोघींचं घर एसटी स्टँडच्या समोर होतं.

खाडीकाठची, तुमचं तर पुणे. तुमच्याकडे एसटीचं कारण नाही. दहावी होऊ द्या. दहावीनंतर आलिमा करणाऱ्या कितीतरी मुली आहेत, पंधरा-सोळाला व्याकरण पण लवकर चढतं. आणि पाठवायचंच ठरलं तर शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत कोणाच्या कपाटात जाऊ देऊ नका, झेरॉक्स द्या. कागद हरवला की १७ नंबरला रडत बसावं लागतं, मी किती मुलींसाठी जुने हजेरीपट उघडून बसलेय.

तिरकस_तात्या

एवढी चर्चा कशाला? बंद करा सगळे मदरसे, प्रश्न मिटला.

कृष्णाकाठ_मुलाणी

तात्या, तुम्ही बाईंची ११ किलोमीटरची एसटी चालू करा आधी, मग बघू.

खाडीकाठची

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस फोन हातात घ्यायला झालं नाही. पेटीवाली, तुमचं मी तीन वेळा वाचलं.

मुलाणी ताईंनी विचारलं होतं ना सासूबाईंना नक्की काय हवंय, ते मी कधी विचारलंच नव्हतं, भांडणच करत होते. काल फोनवर विचारलं. जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी गावात मुलींना कायद्यापुढे कोणी शिकवलं नाही, त्यांना फक्त चार सूरा येतात, ऐकून पाठ केलेल्या, आणि त्यातल्याही बरोबर आहेत का माहीत नाही. "मी मरायला टेकले की बाजूला बसून यासीन पढणारं घरचं कोणीतरी हवं, भाड्याचं नको." आता याला काय बोलणार. मी म्हटलं अम्मी यासीन मीच पढेन की, मला येते. तर म्हणाल्या, "तुझा ऐन अजून साफ नाही." 😭 खरं आहे.

मुलीला पेटीवालीने सांगितल्याप्रमाणे विचारलं, पहिल्या दिवशी काय करशील. म्हणाली आत्तेबहिणीच्या बाजूचा बेड घेईन आणि रात्री दोघी बोलू. बस. कुरआन, अरबी, काही नाही. घरात एकटं मूल आहे ती, एवढीच गोष्ट, आणि आम्ही सगळे दीन-दुनिया घेऊन बसलेलो.

मदरशाच्या ऑफिसलाही फोन केला. दहावी कुठल्या बोर्डाची? म्हणाले, सब हो जाता है. गेल्या वर्षी किती मुली बसल्या? बाजी आप आकर मिल लीजिए. मुलगी मधे सोडली तर? यावर "अल्लाह ना करे" म्हणाले आणि फोन ठेवला. नणंदेला आता टेन्शन आलंय, तिने कधी विचारलंच नव्हतं, दाखला मूळ प्रत तिथेच दिलेली आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जाणार आहोत, तिच्या मुलीला भेटायला आणि दाखला मागायला.

मी ठरवलंय दहावीपर्यंत नाही. सासूबाईंना सांगितलं, अजून राग आहे. त्याबदल्यात एक आलिमा आठवड्यातून चार दिवस घरी येईल, अर्थासकट शिकवेल, मी आणि मुलगी दोघी बसणार, माझा ऐन पण काढून घेईन म्हटलं. आणि दोन्ही सुट्यांत आत्तेबहीण आमच्याकडे, हे नणंदेकडून कबूल करून घेतलं.

पेटीवाली, मुलीला तुमचं थोडं वाचून दाखवलं, पतंगाचं आणि पडद्याचं. तिचा प्रश्न आहे, मीच विचारते: भिंतीपलीकडच्या त्या सरांना खोकला आला तर पाणी कोण द्यायचं?

पेटीवाली

भिंतीत एक छोटी खिडकी होती, फळीचं दार असलेली. तांब्या-पेला त्यात ठेवायचा, दोनदा टकटक करायचं आणि मागे सरकायचं. दोन वर्षं माझीच ड्यूटी होती. उन्हाळ्यात मी त्यात एक लवंग टाकायचे, खोकल्यासाठी. कोणी टाकतं ते त्यांनी कधी विचारलं नाही, पण ज्या दिवशी मी विसरायचे त्या दिवशी पेला अर्धा परत यायचा.